राखण

एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारी माशेलात पावसाने जो सूर धरला, तो दिवेलागण झाली तरी सोडेना. वीज गेली ती गेलीच. ओसरीवर मेणबत्ती लावली होती आणि तिच्या उजेडात माझी नववीतली भाची शाळेतून आणलेला झेरॉक्सचा कागद पुढ्यात घेऊन पेन चावत बसली होती. बऱ्याच वेळाने मान वर न करताच तिने विचारलं, “मावशी, कीप ऑनाक मराठींत कितें म्हणटात गो?”

प्रश्न खरं तर मराठीचा नव्हताच. ‘कीप ऑन’ या फ्रेझल व्हर्बला पाच समानार्थी इंग्रजी शब्द लिहा आणि खालच्या चार वाक्यांत ते बसवून दाखवा, असं कागदावर होतं. पण तिची चौथीपर्यंतची शाळा मराठी. इंग्रजी शब्द आला की तो आधी मराठीच्या पाटावर बसवून बघायची तिला सवय. बोलायचं कोकणीत, वाचायचं मराठीत, परीक्षा द्यायची इंग्रजीत. गोव्यातल्या कितीतरी घरांतली पोरं अशी तीन दारांतून ये-जा करत वाढतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते माझ्यासारखीला. पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली. शब्द दिसला की त्याची शेपटी ओढून बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

“चालू ठेवणे,” मी सांगून टाकलं.

तिने लिहून घेतलं आणि मग चारही वाक्यं मोठ्याने वाचली. शी केप्ट ऑन टॉकिंग. ही कीप्स ऑन ॲट मी. कीप युवर रेनकोट ऑन. दे केप्ट हिम ऑन.

“बोलणं चालू ठेवलं, हें जालें. आणि हें? रेनकोट चालू ठेव?” ती खिदळायला लागली.

त्या खिदळण्यापायी माझी त्या रात्रीची झोप गेली.

‘चालू ठेवणे’ हा तसा यंत्राचा शब्द. पंखा चालू ठेव, पंप चालू ठेव, नाहीतर सरकारी टिपणीत ‘कार्यवाही चालू ठेवावी’. माणसाला लावला तर ‘चालू’चा अर्थच फिरतो, चालू माणूस म्हणजे काय ते सांगायला नको. माझ्या कानात हा शब्द बसलाय तो एका नाटकामुळे. देवळाच्या उत्सवात गावातल्या हौशी मंडळींनी मराठी नाटक करायचं ही आमच्याकडची जुनी रीत. मी दहा-अकरा वर्षांची असताना अशाच एका ऐतिहासिक नाटकात ऐन दरबारात दिवे गेले. राजे बोलता बोलता थांबले. तेव्हा विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज अख्ख्या मांडवाला ऐकू आला, “चालू दवर रे, चालू दवर!” आणि राजांनी त्या काळोखात खणखणीत मराठीत स्वगत म्हणून टाकलं. पेट्रोमॅक्स यायला वेळ लागला, म्हणून तेच स्वगत त्यांनी परत एकदा म्हटलं. टाळ्या दोन्ही वेळा पडल्या.

पण भाचीचं पहिलं वाक्य घेऊ. ती बोलत राहिली. ती बोलत बसली. ती बोलत सुटली. ती बोलत गेली. इतकी वर्षं ती हेच बोलत आली. इंग्रजीत या पाचहीजणींची बोळवण एका ‘केप्ट ऑन’वर होते. मराठीत त्या पाच निरनिराळ्या बायका आहेत. राहिली तिच्याबद्दल आपलं काही म्हणणं नाही. बसली तिच्या चुलीवर मागे काहीतरी करपतंय. सुटली तिला आता देवही आवरू शकत नाही. गेली ती बोलता बोलता भलतीकडे पोचली, सांगायचं नव्हतं तेही सांगून मोकळी झाली. आणि बोलत आली ती थकलेली आहे, तिचं कुणी ऐकलेलं नाही.

इंग्रजी क्रियापदामागे चिमुकला शब्द चिकटवते. मराठी एका क्रियापदाच्या हातात दुसरं सबंध क्रियापद देते, आणि ते बहुतेक वेळा देहाचं असतं: बसायचं, राहायचं, यायचं, जायचं, सुटायचं. काम थांबलेलं नाही एवढं कळतंच, पण करणारं माणूस कुठे बसलंय, कुठे निघालंय, त्याच्याकडे बघणाऱ्याला काय वाटतंय, तेही कळतं. पावसाला लावून बघा. पाऊस पडत राहतो, पण पडत बसत नाही. बसायला त्याला बूड कुठे आहे?

या माळेतला ‘ठेवणे’ जरा तिरका. ‘सांगून ठेवते’ यात धाक आहे. ‘जेवण करून ठेवलंय’ यात माया. आणि ‘काय करून ठेवलंस हे!’ यात फुटलेली बरणी. हे शेवटचं वाक्य मी नोकरीत एकदा ऐकलंय. रविवारच्या पुरवणीत तिसऱ्या पानावरची कथा ‘पान ७ वर’ म्हणून तोडली होती, आणि सातव्या पानावर ‘पान ३ वरून पुढे’ असं लिहून त्याखाली भातावरच्या किडीचा लेख लागला. तपासलं मीच होतं. नायिकेने धडधडत्या काळजाने दार उघडलं आणि आत तुडतुडे निघाले. एकाही वाचकाची तक्रार आली नाही, हे मला जास्त लागलं.

दुसरं वाक्य, ही कीप्स ऑन ॲट मी. इथे मात्र मी खुर्ची पुढे ओढली. दुसऱ्याच्या डोक्याशी बसून तेच तेच म्हणत राहायचं, या कलेत मराठी श्रीमंत आहे. लकडा लावणं, टुमणं लावणं, धोशा, घोशा. तगादा, तो मुख्यतः पैशाचा. भुणभुण, ती लहान मुलांची आणि डासांची. हेका धरणं, पिच्छा पुरवणं, पाठ धरणं. आणि हीच पाठ कचेरीत गेली की तिचा ‘पाठपुरावा’ होतो आणि त्याबद्दल शाबासकी मिळते.

या सगळ्यांत माझा लाडका ‘ससेमिरा’. शब्दाची गोष्ट जुनी आहे. शिकारीला गेलेला राजपुत्र वाघाच्या भीतीने झाडावर चढतो. वर अस्वल असतं. ते त्याला अभय देतं. रात्री दोघे आळीपाळीने झोपायचं ठरवतात, एकाने झोपायचं, दुसऱ्याने जागायचं. राजपुत्र झोपलेला असताना वाघ खालून अस्वलाला म्हणतो, त्याला ढकल, मी खाऊन जातो. अस्वल ऐकत नाही. मग अस्वल झोपतं, वाघ तेच राजपुत्राला सांगतो, आणि राजपुत्र ढकलतो. अस्वल फांदीला पकडून वाचतं आणि त्याला शाप देतं. तेव्हापासून राजपुत्राच्या तोंडून एवढंच निघत राहतं: ससेमिरा, ससेमिरा. चार अक्षरं म्हणजे चार श्लोकांची पहिली अक्षरं. एकेक श्लोक कुणीतरी ओळखून म्हणतं तसं एकेक अक्षर गळतं, आणि शेवटी पोरगा शुद्धीवर येतो.

भाचीला गोष्ट आवडली. “म्हणजे ड्यूटीवर असताना त्याने चीटिंग केलं,” ती म्हणाली. बरोबर आहे. आपली पाळी त्याने राखली नाही, म्हणून तेच तेच म्हणत राहायची शिक्षा.

रेनकोटचं वाक्य वरवर सोपं. रेनकोट काढू नकोस. झालं. पण मग लक्षात आलं की मराठीला काही चालू ठेवायचं असलं की ती बरेचदा नकाराच्या दारातून येते. सोडू नकोस, काढू नकोस, थांबू नकोस. श्रावणातल्या कहाण्यांत व्रत सांगणारी बाईही ‘हे करत राहा’ असं म्हणत नाही. ती म्हणते, उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. करण्यापेक्षा न टाकण्यावर सगळा भर.

आणि नकार नको असेल तर आपल्याकडे ‘राहू दे’ आहे. हा शब्द परक्या माणसाला शिकवायची पाळी माझ्यावर येऊ नये. रिक्षावाल्याला ‘सुटे राहू दे’ म्हटलं की पैसे त्याच्याकडे राहतात. ‘रेनकोट अंगात राहू दे’ म्हटलं की रेनकोट अंगावर राहतो. पण सून भांडी घासायला बसली आणि सासू ‘राहू दे’ म्हणाली की भांडी घासणं बंद व्हायला हवं. म्हणजे तोच शब्द ठेवायला सांगतो आणि तोच सोडायला. त्यातून सासू कुठल्या सुरात म्हणाली त्यावर तिसरा अर्थ निघतो. तो कागदावर लिहिण्याजोगा नाही.

चौथं वाक्य वाचून मात्र मला आजोबाच आठवले. दे केप्ट हिम ऑन.

आजोबा पोर्तुगीज अमदानीत कारकून होते, आमच्या भाषेत इश्क्रिव्हांव. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आनंद झालाच, पण त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून घरात एकच चर्चा: आता ठेवतात की काढतात? पोर्तुगीज भाषेत टिपणं लिहिणाऱ्या माणसाचं नव्या सरकारला काय करायचं होतं? पण सरकारला ते हवे होते, कारण सगळे कागद त्याच भाषेत होते. पुढे १९६५ मध्ये अशा लोकांसाठी खास कायदा झाला, गोवा, दमण आणि दीव सामावून घेतलेले कर्मचारी अधिनियम. ‘सामावून घेतलेले’. दुधात साखर सामावते तसे आजोबा भारत सरकारात सामावले. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं होतं म्हणे, “आमकां दवरले.” आणि आजीने विचारलं होतं, “दवरले? खंय, फळयेर?” आम्हाला ठेवलं. कुठे, फळीवर?

आजी चेष्टा करायची, पण तिच्या चेष्टेत दम होता. नुसतं ठेवलेलं माणूस आणि ठेवलेली वस्तू यांत फरक काय? आजोबा पुढची दहाबारा वर्षं पोर्तुगीज दस्तऐवजांचे अर्थ लावून देत राहिले. नव्या साहेबांना काही अडलं की आजोबा. एरवी फळीवर.

गंमत म्हणजे कायद्यांचंही आजोबांसारखंच झालं. १९६२ च्या प्रशासन अधिनियमात कलम आहे की मुक्तीच्या वेळी जे कायदे अंमलात होते ते बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत अंमलात राहतील. म्हणून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कुटुंबविषयक बराचसा भाग गोव्यात आजही लागू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून मानली जाते. आजोबांचं घर विकायची वेळ आली तेव्हा आजीची सही लागणार होती. तिने केली नाही. त्या घराच्या ओसरीवर आम्ही मेणबत्ती लावून बसलो होतो.

याच घरात १६ जानेवारी १९६७ ला दोन मतं दोन दिशांना गेली. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा, यावर जनमत कौल होता. विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पानं. आजोबांनी फुलावर शिक्का मारला, आजीने दोन पानांवर. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आमच्या पिढीला या विषयावर वाद घालायला अजूनही आवडतं, मला नाही. मला एवढंच आठवतं की दोघांना वेगवेगळं विचारलं तर दोघेही सांगायची, आपलं आहे ते राखायला पाहिजे म्हणून मत दिलं.

रात्री भाची झोपल्यावर मी आजोबांच्या कपाटातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. वाळवीने ‘झेड’ खाल्लाय, बाकी ठीक. तिने लिहिलेले पाच शब्द होते कंटिन्यू, पर्सिस्ट, पर्सिव्हिअर, रिटेन आणि मेंटेन. त्यातल्या तिघांची मुळं लॅटिनच्या एकाच क्रियापदात निघाली, तेनेरे, म्हणजे हातात पकडणं, धरणं. कंटिन्यू म्हणजे एकत्र धरणं. रिटेन म्हणजे मागे धरून ठेवणं. मेंटेन तर सरळ हाताने धरणं. मानू म्हणजे हात. आजोबांच्या पोर्तुगीजमधला ‘मांतेर’ही तोच. पर्सिस्टमध्ये उभं राहणं आहे. पर्सिव्हिअरमधला कडकपणा मी वाचून सोडून दिला. तो शब्द मला शाळेच्या बक्षीस-समारंभातल्या भाषणाशिवाय कुठे भेटलेला नाही.

आणि खुद्द ‘कीप’? तो लॅटिन नाही. तो इंग्रजीचा स्वतःचा, घरचा शब्द, पण अनाथ. जर्मन वगैरे शेजारच्या भाषांत त्याला खात्रीचा भाऊबंद सापडत नाही. जुन्या इंग्रजीत त्याचे अर्थ होते नजर ठेवणं, वाट पाहणं, पकडणं. ठेवून देणं हा अर्थ मागाहून आला.

इथे मी कोश मिटला. कारण नजर ठेवणं आणि वाट पाहणं या दोन गोष्टी एकाच शब्दात असलेली भाषा माझ्या तोंडात होती. मराठीत आपण शेत राखतो, मान राखतो, हातचा राखून खर्च करतो. कोकणीत ‘राक म्हाका’ म्हणजे माझ्यासाठी थांब, माझी वाट बघ. लहानपणी आईच्या तोंडून हे दिवसातून दहादा ऐकलंय. राखणं म्हणजे सांभाळणं आणि राकणं म्हणजे वाट बघणं, यांत मला कधी कोडं वाटलं नाही, कारण माझं आजोळ चोडणला.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना खारफुटी आणि तिच्यापलीकडे खाजन शेतं. खाजन म्हणजे मांडवीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून अडवलेली जमीन. शेत नदीच्या भरतीपेक्षा खाली, मध्ये मातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप. मानशीची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. त्यामुळे कुणालाही वाटावं की एकदा बांधलं की झालं. पण खेकडे बांध पोखरतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला एका खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपायला लागलं की तासाभरात तिथे भगदाड पडतं, खारं पाणी आत शिरतं आणि मग पुढचे काही पावसाळे मीठ धुऊन जाईपर्यंत भात विसरायचं. कोरगुटासारखं खारं सोसणारं भातही सगळंच सोसत नाही.

माझे मामा उधाणाच्या दिवसांत रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे. मी एकदा हट्टाने गेले होते. ते काही करत नव्हते. चालायचे, मध्येच थांबून पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपायचे, एखाद्या बिळात टाच रुतवून माती दाबायचे, परत चालायचे. भरतीचं पाणी चढून थांबेपर्यंत मग बांधावर उकिडवे बसायचे. मी विचारलं, आता काय? म्हणाले, “आतां राकप.” आता वाट बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बांध आदल्या दिवशीसारखाच दिसायचा. रात्रभराच्या कामाची खूण म्हणून काहीही नाही.

पायी राखण करायची कल्पना आमच्या देवांनाही लागू आहे. गोव्यात गावोगाव राखणदार असतो, आणि वेताळाची देवळं आहेत. आमच्या इथून नदी ओलांडली की आमोण्यातलंच एक. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाला फेऱ्या घालतो आणि त्या झिजतात, मग नव्या वाहायच्या. शाळेतल्या कुठल्याशा विज्ञानप्रेमी मुलाने एकदा मला विचारलं होतं की त्या खरंच झिजतात का. मला तो प्रश्नच चुकीचा वाटला. राखणारा देव चालतो आणि चालणाऱ्याला वहाणा लागतात, एवढा हिशेब ज्या लोकांना सुचला त्यांना ‘कीप ऑन’चे दोन अर्थ वेगळे करून दाखवायला सांगितलं असतं तर त्यांनी ते वेगळे केले नसते. भाचीच्या कागदावर कंटिन्यू एका ओळीत आणि रिटेन दुसऱ्या ओळीत होता.

एकादशीला दुपारी पाऊस जरा उघडला. देवकीकृष्णाच्या देवळात अखंड भजन बसलं, ते दुसऱ्या दिवशीच्या चिखलकाल्यापर्यंत, म्हणजे देवळापुढच्या चिखलातल्या खेळांपर्यंत, चालायचं. हा देव मुळात इथला नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा चोडणहून तो आधी मयेला गेला आणि मग माशेलात आला. त्याच काळात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. गाव सुटले. आडनावं मात्र वेर्णेकर, लोटलीकर, चोडणकर अशी राहिली. चारशे वर्षं माणसं सुटलेल्या गावाचं नाव सही करताना लिहीत आली आहेत.

अखंड भजनात पाळ्या असतात. एका वाड्याच्या मंडळींनी ठरलेला वेळ गायचं, मग दुसऱ्या वाड्याच्यांनी. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, एवढाच नियम. अभंग कुठला, सूर कसा, पखवाजवाला झोपेत आहे का, याला कुणी विचारत नाही. दिवसा गर्दी असते. खरी परीक्षा मध्यरात्रीनंतर.

मी रात्री अकराला गेले, तासाभरात परतायचं म्हणून. भाचीही बरोबर आली होती. ती खांबाला टेकून बसली आणि दहा मिनिटांत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, त्यामुळे मला उठता येईना. एकच्या सुमाराला पाऊस पुन्हा आला. पत्र्यावर असा आवाज की भजन ओठांच्या हालचालींवरूनच कळत होतं. दोनला पलीकडच्या वाड्याची पाळी होती. दोन वाजले, सव्वादोन वाजले. कुणीतरी छत्री मिटत येऊन सांगितलं की ओहोळ भरलाय, मंडळी पलीकडे अडकलीत, पाणी उतरलं की येतील.

गाणाऱ्यांतला एकजण चहाला म्हणून उठला तो आलाच नाही. दुसरा पेटीवरच पेंगला, भात्यावरचा हात मात्र चालत होता. राहिले चौघे-पाचजण. मुख्य गायकाचा आवाज बसला होता. तो आता ओळ नुसती उचलून द्यायचा आणि बाकीचे ती घोळवत राहायचे. तीच ओळ. विठ्ठल विठ्ठल, एवढंच उरलं होतं. तोंडाने म्हणता येणं बंद झालं की टाळ जास्त ऐकू येतात. आमचे शेजारचे काका, वय पंचाहत्तरच्या पुढे, संध्याकाळपासून टाळ घेऊन बसले होते. त्यांचा उजवा हात थरथरायला लागलेला मला दिसत होता. थरथर तालातच होती.

भाचीला जाग आली. तिने डोळे चोळत विचारलं, “हे अजून चालूच?”

“चालूच,” मी म्हटलं.

“कोण येणार होतं ना?”

“ओहोळ भरलाय.”

ती थोडा वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली की शाळेत तिने कागद देऊन टाकला. मॅडमनी तीन बरोबर दिले, रेनकोटच्या वाक्यात ‘रिटेन’ लिहिलं ते चूक. ‘रिटेन युवर रेनकोट’ कुणी म्हणत नाही. मी म्हटलं, मॅडमचं बरोबर आहे. “मग तू काल इतका वेळ काय सांगत होतीस?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तीनला पाच कमी असताना काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बाजूला तेव्हा मीच होते, बाकी सगळे गात होते किंवा पेंगत होते. टाळ मी आयुष्यात कधी वाजवले नव्हते. त्यांनी एक ठोका मारला, आणि पुढचा ठोका पडायच्या आत दोन्ही टाळ माझ्या पुढ्यात आणले.

“धर,” ते म्हणाले.

पहिले दोन ठोके चुकले.